मोडलेल्या सोंडेचा दोष कोणाचा?

खोका उघडतो पुण्यात, ठाण्यात किंवा बेंगळुरूत, आणि फोन वाजतो डिचोली तालुक्यात. आधी फोटो येतो: सोंडेचा शेंडा तुटलेला, एक कान निखळलेला, खोक्याच्या तळाशी रंग लागलेली माती. मग आवाज येतो. त्या आवाजात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, पैशाचा हिशेब आणि भीती. हिशेब मूर्तिकाराला मिटवता येतो. तो दुसरी मूर्ती पाठवील, नाहीतर पैसे परत करील. भीतीचे काय करायचे, हे मात्र त्याला उमगत नाही. चवथ तोंडावर आली आणि देव असा मोडून घरी आला, याचा अर्थ काय घ्यायचा? प्रश्न मूर्तिकाराला विचारलेला असतो, पण खरे पाहता तो धर्मशास्त्राला, तत्त्वज्ञानाला आणि कायद्यालाही विचारलेला असतो. तिघांकडेही त्याची उत्तरे आहेत. ती भीती वाढवणारी नाहीत. उलट जबाबदारी नेमकी कुठे आहे ते दाखवणारी आहेत.

सर्वण हे डिचोली तालुक्यातले गाव. कारभार कारापूर-सर्वण पंचायतीचा, बाजारहाट डिचोलीत नाहीतर साखळीत. हा सगळा पट्टा हातकामाचा. डिचोलीची मातीची भांडी आणि पितळेच्या समया नावाजलेल्या, मयेचा कुंभारवाडा गणेशमूर्तींसाठी ओळखला जाणारा, आणि इथपासून पेडण्यापर्यंत पावसाळ्यात गावोगाव गणपतीच्या शाळा. शाळा म्हणजे बहुधा घराचीच ओसरी किंवा पडवी. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आत ओळीने पाट मांडलेले असतात. ऐन पावसात मातीचा गणपती सुकवणे ही मूर्तिकाराची खरी कसोटी. वरून कोरडी दिसणारी मूर्ती आतून ओली राहते. घाईने रंग चढवला तर तो फुगून पोपडे धरतो. घाईने खोक्यात भरली तर आतला ओलावा कोंडतो आणि नाजूक जागा मऊ पडतात. सोंडेचा शेंडा, वरचे दोन हात, कानांच्या कडा आणि मुकुटाचे टोक या त्या जागा. मोडतोड व्हायची ती बहुतेक वेळा इथेच होते.

या शाळांचा एक जुना रिवाज आहे. घरमालक आपला पाट आधीच शाळेत नेऊन देतो. त्यावर खडूने घराचे नाव लिहिले जाते आणि मूर्ती त्याच पाटावर घडते. उंची किती, सोंड कुठल्या बाजूला, पितांबर कोणत्या रंगाचा, हे दरवर्षी सांगावे लागत नाही, कारण कित्येक घरांचा गणपती मूर्तिकाराच्या वडिलांनीही केलेला असतो. चवथीच्या सकाळी किंवा आदल्या दिवशी घरचा माणूस येतो, विडा-नारळ ठेवून पैसे देतो, मूर्तीचा चेहरा वस्त्राने झाकतो आणि पाट डोक्यावर किंवा गाडीत मांडीवर घेऊन घर गाठतो. घडवणारा हात आणि पुजणारा हात यांच्यामध्ये तिसरा हात येत नाही.

आता घरेच लांब गेली. गोव्याची मुले नोकरीसाठी मुंबई-पुण्याला, बेंगळुरूला, आखातात, कॅनडात स्थिरावली. त्यांना गणपती मात्र आपल्या शाळेतलाच हवा असतो. मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसे यूपीआयने येतात. पाट येत नाही. त्याच्या जागी खोका येतो, आणि त्याच्यासोबत तिसरा, चौथा, दहावा हात येतो. खोका उचलून नेणारा पोरगा, टेम्पोवाला, गोदामातला हमाल, वर्गवारीचा पट्टा, रात्रीचा ट्रक, दुसऱ्या शहरातले गोदाम आणि शेवटी इमारतीच्या पहारेकऱ्याचे टेबल. यातल्या एकालाही आपण देव नेतो आहोत हे ठाऊक नसते. वर 'नाजूक' अशी लाल चिठ्ठी असली तरी त्या दिवशी त्याच्या हाताखालून अशा चिठ्ठ्यांचे कितीतरी खोके गेलेले असतात.

छोट्या कारागिराला पहिला धक्का देतो तो हिशेब. कुरिअर कंपन्या वजन दोन प्रकारे धरतात, काट्यावरचे आणि आकारमानाचे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचे. दोन्हींपैकी जे वजन जास्त भरेल त्याचे पैसे. फूटभर उंचीची, सहा किलोची मातीची मूर्ती घ्या. ती नीट पोहोचायची तर मऊ सुती कापड, त्यावर बुडबुड्यांचे प्लास्टिक, मग आतला खोका, त्याभोवती चारही बाजूंनी फोमची गादी आणि बाहेरून जाड पुठ्ठ्याचा दुसरा खोका लागतो. बाहेरचा खोका ४५ × ४० × ५५ सेंटिमीटर झाला की आकारमानाचे वजन भरते १९.८ किलो. म्हणजे सहा किलोच्या मूर्तीसाठी वीस किलोचे भाडे. जितकी काळजी जास्त तितका खोका मोठा, आणि जितका खोका मोठा तितके भाडे चढे. मातीच्या मूर्तीवर २०१७ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने कर शून्यावर आणला, पण तिला नेणाऱ्या कुरिअरच्या शुल्कावर १८ टक्के लागतात. गिऱ्हाईक मूर्तीची किंमत ऐकून हो म्हणते आणि पाठवणीचा खर्च ऐकून गप्प होते. मग कारागीर एक गादी कमी करतो. सोंड तिथेच मोडायला लागलेली असते.

आता भीतीकडे वळू. मोडलेली मूर्ती घरात आली म्हणजे देव भंगला का?

याला परंपरेचे उत्तर स्वच्छ आहे. चतुर्थीच्या पूजेत यजमान मूर्तीला स्पर्श करून प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतो किंवा पुरोहित त्याच्याकडून म्हणवून घेतो, तेव्हा ती मूर्ती पूज्य होते. त्याआधी ती घडवलेली माती असते. सतराव्या शतकातला कमलाकर भट्टांचा 'निर्णयसिंधु' आणि १७९० च्या सुमाराचा, पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' हे महाराष्ट्र-गोव्यातल्या पुरोहितांचे नेहमीचे आधारग्रंथ. प्रतिष्ठा आणि जीर्णोद्धार हे विषय त्यांत विधी म्हणून येतात, म्हणजे मूर्तीला दोष केव्हा लागतो आणि त्यावर काय करायचे याला नियम आहे. घरोघरचे पुरोहितही हेच सांगतात. प्रतिष्ठेआधी मूर्ती दुखावली तर ती पाण्यात विरघळवावी आणि दुसरी आणावी. प्रतिष्ठेनंतर दुखावली तर नैवेद्य दाखवून, उत्तरपूजा करून विसर्जन करावे. दोन्ही बाबतींत घरावर संकट येणार असे कुठे म्हटलेले नाही. वाटेत, खोक्यात, तिसऱ्या-चौथ्या हातात मोडली ती मूर्ती प्रतिष्ठेच्या आधीची असते. तिथे देव भंगत नाही, भंगते ते काम. कुणाचे तरी आठ-दहा दिवस त्या खोक्याच्या तळाशी मातीच्या ढेकळांत पडलेले असतात.

गोव्याला हे वेगळे सांगायची गरज पडू नये. पोर्तुगीज राजवटीत मूर्तिपूजेवर बंदी आली तेव्हा इथल्या काही कुटुंबांनी कागदावर रेखलेल्या गणपतीची, पत्रीची पूजा चालू ठेवली, आणि काही घरांत आजही चवथीला कागदाचाच गणपती पुजला जातो. मातीची मूर्ती नसताना ज्यांची चवथ चुकली नाही, त्यांच्या वारसांना पार्सल फुटल्याने देव रुसेल असे वाटावे, यात आपल्याच घराच्या इतिहासाचा विसर आहे.

देव आणि विक्री यांचा संबंधही आजचा नाही. पाणिनीने आपल्या व्याकरणात प्रतिमांच्या नावांसाठी एक नियम केला आहे. तो पोटासाठी बाळगलेल्या पण विकायला न मांडलेल्या प्रतिमा आणि विकायच्या प्रतिमा यांत फरक करतो. पहिलीला थेट देवाचे नाव लागते, दुसरीच्या नावाला प्रत्यय राहतो. त्यावर भाष्य करताना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने सोन्याच्या लोभापायी प्रतिमा करवणाऱ्या मौर्यांचे उदाहरण दिले. दोन हजार वर्षांहून जुन्या या चर्चेतून एक गोष्ट दिसते: बाजारात मांडलेली प्रतिमा आणि देव्हाऱ्यातली प्रतिमा यांच्यातली सीमारेषा आपल्या विचारवंतांना दिसत होती, आणि बाजारातली प्रतिमा असते हेही त्यांनी मान्य केले होते. ती विकणाऱ्याला पापी ठरवायची गरज त्या नियमाला भासली नाही. तेव्हा सर्वणच्या मूर्तिकाराने पैसे घेतले, पावती दिली, पार्सलचे भाडे लावले म्हणून त्याच्या श्रद्धेत खोट शोधण्याचे कारण नाही.

देवांनी प्रवास केला नाही, असेही नाही. उलट डिचोली तालुक्याचे सर्वांत थोर दैवत प्रवास करूनच इथे आले आहे. कदंब राजांचे आराध्य सप्तकोटेश्वर मुळात मांडवीतल्या दिवाडी बेटावरचा. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते देऊळ पडले, पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने देवाची पुन्हा स्थापना केली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते परत पाडले. भाविकांनी लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला आणले. ते जिथे बसवले त्या जागेलाही नार्वे हेच नाव पडले, कारण बेटावरच्या मूळ गावाचे नाव नार्वे होते. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली, तसा शिलालेख आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत गोवा सरकारने नूतनीकरण केलेले मंदिर भाविकांना खुले केले. दिवाडी आणि नार्वे यांच्यामध्ये आजही फेरीबोट चालते. सोळाव्या शतकातच कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली.

ती दैवते प्रतिष्ठित होती, शतकानुशतके पुजलेली होती. त्यांना हलवताना धोका होता, घाई होती, खाली पाणी होते. तरी त्या प्रवासाची आठवण गोव्यात अपशकुन म्हणून कुणी सांगत नाही. ज्यांनी देव वाचवून आणले त्यांच्या निष्ठेची आठवण म्हणूनच ती सांगितली जाते. नेणाऱ्याला आपण काय नेतो आहोत हे माहीत होते, आणि जे नेतो त्याची जोखीम त्याने स्वतःवर घेतली होती. पार्सलच्या व्यवहारात याच दोन गोष्टी नाहीत. धर्माचा प्रश्न इथून सुटतो आणि नीतीचा प्रश्न सुरू होतो: जोखीम कोणाची?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा केंद्रीय कायदा आहे. नेताना माल गहाळ झाला किंवा बिघडला तर वाहतूकदार जबाबदार, असा त्याचा मूळ नियम. त्याला मोजके अपवाद आहेत: दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती आणि सरकारी मनाई. म्हणजे दरड कोसळून ट्रक गाडला गेला तर ते दैव, पण खोका उलटा ठेवला म्हणून सोंड मोडली तर ते दैव नव्हे. टपालाचे तसे नाही. १८९८ च्या कायद्याने टपालखात्याला नुकसानीच्या जबाबदारीपासून बरेच संरक्षण दिले होते, आणि २०२४ च्या जूनपासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही जबाबदारी नियमांत ठरेल तेवढीच ठेवली आहे. खासगी कुरिअरच्या पावतीमागच्या बारीक अक्षरांत तर काच, चिनीमाती, मूर्ती अशा वस्तूंची मोडतोड बहुधा आधीच वगळलेली असते. दोन-चार हजारांच्या मूर्तीसाठी ग्राहक आयोगाची पायरी चढणारा कारागीर विरळा. कायदा दैव आणि हलगर्जी यांत फरक करतो खरा, पण त्या फरकाचा फायदा सर्वणच्या ओसरीपर्यंत पोहोचत नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. आणि लगेच पुढे इशारा आहे, की हे पाचही न पाहता जो एकट्या कर्त्यालाच सारे चिकटवतो त्याची दृष्टी कच्ची. पार्सल मोडल्यावर आपण नेमके तेच करतो. एकतर सारा दोष मूर्तिकारावर टाकतो, नाहीतर सारा दैवावर. गीतेची ही पाच नावे समोर ठेवून तो खोका पुन्हा उघडून पाहावा.

अधिष्ठान म्हणजे आधार. भाष्यकार इथे देह धरतात. मूर्तीच्या बाबतीत तो देह म्हणजे माती आणि तिचे सुकणे. मूर्ती आतपर्यंत वाळली होती का? श्रावणात आलेल्या उशिराच्या मागणीला हो म्हटले असेल तर नव्हती. इथे दोष उशिरा मागणाऱ्याचा आणि नाही म्हणू न शकलेल्या कारागिराचा, दोघांचा.

कर्ता म्हणजे मूर्तिकार. सोंडेला आतून आधार दिला का, हात अंगाला धरून घडवले का, मोकळ्या जागा कागदाने भरल्या का, याचे उत्तर त्याने द्यायचे. ही त्याची विद्या आहे आणि तिथे सबब चालणार नाही.

करण म्हणजे साधने: पुठ्ठा, फोम, चिकटपट्टी, टेम्पो. साधनांचा दर्जा पैशावर ठरतो आणि पैसे कोणी कापले, ते वर आलेच आहे. पाठवणीच्या खर्चात घासाघीस करणाऱ्या ग्राहकाने मोडलेल्या सोंडेतला आपला वाटा इथे ओळखावा.

चेष्टा म्हणजे निरनिराळ्या हालचाली. गीतेने 'निरनिराळ्या' असे मुद्दाम म्हटले आहे, आणि पार्सलच्या व्यवहाराचे याहून नेमके वर्णन सापडणार नाही. उचलणे, ठेवणे, ढकलणे, रचणे, एकावर एक चढवणे. डिचोलीहून माल चोर्लाघाटाने बेळगावला चढो की मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेला जावो, पावसाळ्यातले खड्डे त्याच्या वाट्याला येतात. शिवाय या हालचाली करणारी माणसे तासाला किती खोके हलवले यावर मोजली जातात. त्यांना भक्तीचा उपदेश करून उपयोग नाही. त्यांच्यावर घाई लादणाऱ्या व्यवस्थेला, आणि 'उद्याच हवे' म्हणणाऱ्या आपल्या सवयीला जाब विचारायला हवा.

या चौघांचा हिशेब लागल्यावर जे उरेल ते दैव. गीतेने त्याला पाचवी जागा दिली आहे. ते नाकारलेले नाही. दरड कोसळते, पूर येतो, हे खरेच आहे. पण पहिले चार पाहून झाल्याशिवाय पाचव्याचे नाव घेणे म्हणजे हलगर्जीला देवाच्या आड लपवणे होय.

यात आणखी एक पेच आहे आणि तो या धंद्याच्या मुळाशी आहे. पाठवणीला मूर्ती पक्की हवी, पूजेला ती कच्ची हवी. पार्थिव गणेश न भाजलेल्या मातीचा असतो, कारण दीड, पाच, सात किंवा अकरा दिवसांनी तो पाण्यात विरघळायचा असतो. जो सहज विरघळतो तो सहज मोडतोही. तेर गावच्या गोरोबाकाकांची कथा मराठी माणसाला पाठ आहे: मडकी तपासायच्या थापटीने त्यांनी संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले. त्या कथेत कच्चेपणा हा दोष होता. गणपतीच्या मातीत मात्र कच्चेपणा हाच धर्म आहे. भाजलेला, कायमचा पक्का गणपती देव्हाऱ्यात किंवा दिवाणखान्यात शोभेल, पण विसर्जनाच्या पाण्यात तो नुसता बुडून राहील.

प्लास्टर ऑफ पॅरिसने हा पेच वाईट रीतीने सोडवला. पीओपीची मूर्ती हलकी, लवकर सुकणारी, साच्यातून भराभर निघणारी आणि वाहतुकीत टिकणारी. तिचा प्रसार होण्यात स्वस्ताईइतकाच वाहतुकीचाही हात आहे. परिणाम नद्यांनी आणि तळ्यांनी पाहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मे महिन्यात सुधारित मार्गदर्शक सूचना काढून पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. गोव्यातही पीओपीच्या मूर्तींवर बंदी आहे, आणि मातीच्या मूर्ती करणाऱ्यांना हस्तकला महामंडळामार्फत अनुदान मिळते. तरी दरवर्षी ऑनलाइन बाजारात 'न तुटणारा' गणपती मिळतोच. सर्वणच्या किंवा मयेच्या मूर्तिकाराला त्याच बाजारात उभे राहायचे असेल तर मोह होणारच: मातीत थोडे प्लास्टर मिसळावे, वरून चिकट लेप द्यावा, म्हणजे परतीचे खोके थांबतील. तो मोह टाळणारे मूर्तिकार तोटा सोसून एक धर्म पाळत आहेत, हे घेणाऱ्याने ओळखले पाहिजे. खोक्यासाठी मूर्ती बदलायची नाही. बदलायची ती मागण्याची, नेण्याची आणि पैसे देण्याची रीत.

देशाबाहेर जायचे म्हटले की अडचणी वाढतात. रायगड जिल्ह्यातले पेण हे मूर्तींचे मोठे केंद्र आहे आणि तिथल्या मूर्ती कंटेनरमधून समुद्रमार्गे परदेशी जातात. म्हणून त्या चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी निघतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोप-अमेरिकेचा प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. कंटेनर भरू शकणाऱ्या पेणला हे झेपते. एकेक मूर्ती पाठवणाऱ्या गावच्या शाळेला टपालाचाच आधार. २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्टपासून रद्द केली, आणि त्याच्या तोंडावर, २५ ऑगस्टला, भारतीय टपालखात्याने तिकडे जाणारी बहुतेक पार्सले थांबवली. त्या वर्षीची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. सेवा पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरच्या मध्यावर.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे नियम निराळे. मूर्तीभोवती भाताचा पेंढा भरायची आपली जुनी, चांगली पद्धत तिथे चालत नाही, कारण पेंढ्यातून कीड आणि बी जाण्याची भीती. मातीचीही तिथे कसून तपासणी होते. लाकडी पेटी असेल तर जगातल्या बहुतेक देशांना तिच्यावर प्रक्रियेचा शिक्का लागतो: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले हवे. हे सगळे नियम मूर्तिकाराने पाळावेत आणि वर मूर्ती तिथीला पोहोचवावी, ही अपेक्षा असते.

तिथी हा इथला सर्वांत कठोर अधिकारी. दिवाळीचा आकाशकंदील दोन दिवस उशिरा पोहोचला तर चालून जाते, चतुर्थीनंतर पोहोचलेली मूर्ती निरुपयोगी ठरते. मग त्या दिवशी काय करायचे? मीमांसाशास्त्राने या प्रश्नाचा खोल विचार केला आहे. जैमिनीच्या सूत्रांतल्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची चर्चा येते. यज्ञाला ठरलेले धान्य मिळाले नाही तर त्याच्याशी साम्य असलेले दुसरे घेऊन कर्म पूर्ण करावे, कर्म सोडू नये. पण देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही. द्रव्य बदलू शकते, ज्याच्यासाठी आणि ज्या रीतीने करायचे ते बदलत नाही. आपल्या घरांतली सुपारी याच विचाराची लेक आहे. लग्नमुंजीपासून सत्यनारायणापर्यंत तांदळावर ठेवलेल्या सुपारीवर गणपतीचे आवाहन होते आणि कुणालाही त्यात उणीव वाटत नाही. टोरांटोतल्या घरी पार्सल पोहोचले नाही तर सुपारीवर, कागदावर किंवा मुलांनी घडवलेल्या मातीच्या गणपतीवर पूजा करावी. परदेशातल्या मराठी मंडळांत मुलांना मातीचा गणपती शिकवण्याच्या कार्यशाळा होतातच. पूजा कुरिअरच्या वेळेची ओलीस नाही.

मग गावच्या मूर्तिकाराने विकायचे कोणाला? ज्यांना त्याचा गणपती हवा आहे त्यांनी या व्यवहारातली जोखीम वाटून घेतली तर हा धंदा नीट चालेल. वाटून घ्यायची रीत अवघड नाही. मागणी जूनच्या आत द्यावी, म्हणजे मूर्तीला सुकायला पुरेसे दिवस मिळतात. खोक्याचे आणि गादीचे पैसे मूर्तीच्या किमतीतून कापू नयेत, वेगळे आणि पूर्ण द्यावेत. शक्य असेल तर एका शहरातल्या दहा-पंधरा घरांनी मिळून मागणी द्यावी आणि मूर्ती आणायला गाडी करावी. गोव्याहून पुण्या-मुंबईला येणारा माणूस मांडीवर मूर्ती घेऊन आला, तर शाळेतला तो जुना रिवाजच पुन्हा पाळला जातो. मूर्ती मोडून आली तर फोटो पाठवताना 'पैसे परत' हा पहिला शब्द नसावा. नुकसान निम्मे-निम्मे सोसण्याचे आधीच ठरवावे. मोडलेली मूर्ती कचऱ्यात टाकू नये. माती बादलीभर पाण्यात विरघळवून झाडाच्या मुळाशी घालावी. आणि समई किंवा भाजलेल्या मातीचे दिवे खोक्यात मजेत प्रवास करतात, तेव्हा दूरच्या ग्राहकाने वर्षभर तेही मागवावे. कारागिराचे घर एकट्या चवथीवर चालत नाही.

मूर्तिकारांनीही एक गोष्ट धरून ठेवावी. नाही म्हणायचा अधिकार त्यांचा आहे. जुलैच्या अखेरीस आलेल्या लांबच्या मागणीला 'यंदा नाही, पुढच्या वर्षी आधी सांगा' असे उत्तर देणे हा गिऱ्हाइकाचा अपमान नाही. ओली मूर्ती खोक्यात भरणे हा मात्र मातीचा अपमान आहे. गोवा सरकार आणि हस्तकला महामंडळाने अनुदानासोबत डिचोली-पेडण्यात मूर्तींच्या बांधणीचे एक सामाईक केंद्र, मोडतोडीचा विमा आणि टपालखात्याशी हंगामी करार एवढ्या तीन गोष्टी केल्या, तर लहान शाळांना दूरचे बाजार मोकळे होतील.

२०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. ज्यांना आपला गणपती सर्वण-मयेकडच्या शाळेतून हवा आहे त्यांनी जून उजाडण्याआधी फोन करावा, आणि मूर्ती मागताना खोक्याचे पैसेही आपणहून विचारावेत.